मागच्या प्लॉटमधलं हिरवं गवत

धोंडू म्हातारपणाने गेला नाही. त्याला मी मारलं.

अण्णा कालपासून कॉलनीत वेगळंच सांगतायत, म्हणून हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. धोंडू म्हणजे आमचं कासव. भावाच्या मित्राची इंदूरहून बदली झाली, तेव्हा तो त्याला कागदपत्रांसकट आमच्याकडे देऊन गेला. तळहाताएवढा होता. नऊ वर्षांत एवढा वाढला की उचलताना अण्णांना दम लागायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत मास्तर होते. रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून त्यांना अंथरुणातून उठवायचं काम धोंडूच करायचा.

पाण्यातलं कासव नव्हतं ते. गायीसारखं चरायचं.

उन्हाळ्यात आमच्या बुऱ्हाणपूरला गवताची काडी राहत नाही. अण्णा त्याला सहाला बाहेर काढायचे आणि आठच्या आत सावलीत परत. जास्वंदाची पानं, तुतीची पानं. निवडुंगाचे काटे स्वतः सुरीने खरवडायचे.

पावसाळ्यात मागचा रिकामा प्लॉट. "चला, शेठ आता चार महिने बाहेर जेवणार," असं म्हणत त्याच्यामागे छत्री धरून उभे.

थंडीत ऊन तापेपर्यंत धोंडू हलायचा नाही. मग पावसाळ्यात वाळवून पोत्यात भरलेली हरळी बाहेर निघायची. सोबत समुद्रफेसाचा तुकडा, कवच मजबूत राहावं म्हणून.

केळ्यांच्या गावात राहून त्याला केळं मात्र कधी मिळालं नाही. कोणी घेऊन आलंच तर अण्णा म्हणायचे, "इसको शुगर नहीं करानी है, भाई."

मागच्या गुरुवारी प्लॉटमध्ये साप दिसला.

अण्णा जळगावला साखरपुड्याला गेले होते. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. रोज पहाटे हा माणूस साध्या चपला घालून त्यात उभा राहतो. मला भीती वाटली.

माझा मावसभाऊ गणेश इच्छापूरला केळीची शेती करतो. त्याला फोन केला. तो पाठीवर पंप अडकवून आला आणि अर्ध्या तासात सगळीकडे तणनाशक मारून मोकळा झाला.

जाताना म्हणाला, "ताई, पंधरा दिवस तिकडे काही चरायला सोडू नको."

"हाव, अण्णांना सांगते."

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा आले. साखरपुड्यात काय जेवण होतं, कोण बारीक झालं, कोणाचे केस गेले, सगळं सांगितलं. मी चहा केला. हसले. सापाचंही सांगितलं.

फवारलेल्या औषधाचं सांगायचं मी विसरले.

एवढंच. विसरले.

औषध मारलेलं गवत लगेच पिवळं पडत नाही, हे मला आता कळलंय. शनिवारी सकाळी ते हिरवंगार होतं. अण्णा सापाच्या भीतीने काठी आपटत पुढे, मागून धोंडू. मी ऑफिससाठी आवरताना खिडकीतून दोघांना पाहिलं.

पाहिलं, आणि तरी आठवलं नाही. केस विंचरत राहिले.

रविवारी धोंडू खोक्यातून बाहेर आला नाही. जास्वंदाचं फूल तोंडाशी धरलं तरी मान आत. सोमवारी तोंडाला फेस.

आम्ही त्याला टबमध्ये ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी इंदूरला कुणाला तरी फोन लावला, मग विचारलं, "कुठे चारलं? फवारणी वगैरे झाली होती का?"

अण्णा म्हणाले, "नाही हो. आमच्या घरामागेच चरतो. तिथे कोण फवारणार?"

तेव्हा मला आठवलं.

"अण्णा, मी मारलंय. औषध. गुरुवारी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलीने पेपर कोरा दिला तर पाहावं, तसं.

मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "आता काय करता येईल?"

डॉक्टरांनी केलं जे करता येईल ते. सलाइन लावलं. काल दुपारी घरी अण्णा त्याच्या पायावर ओलं फडकं फिरवत होते, तेव्हा धोंडू गेला. कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. कासवाचं काही पटकन कळत नाही. अण्णा आणखी बराच वेळ फडकं फिरवत होते.

शेजारच्या काकू आल्या. "अरे मास्टरजी, ये तो छोटा ही था ना अभी?"

"नहीं भाभीजी. उमर हो गई थी उसकी."

ही कासवं माणसापेक्षा जास्त जगतात.

त्या गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, असं का सांगितलंत?"

"तुला या गल्लीत राहायचंय. लोक वर्षभर तेच तेच विचारतील." मग म्हणाले, "आणि तू मुद्दाम थोडंच केलंस."

अण्णा मला रागावले असते तर मी काहीतरी बोलू शकले असते. ते रागावतच नाहीयेत. मला अजून रडू येत नाहीये. आज सकाळी मी सवयीने जास्वंदाची पानं तोडून आणली आणि हातात घेऊन उभी राहिले.

अण्णा घरात नव्हते. मागे जाऊन पाहिलं तर प्लॉटच्या कडेला बांबू ठोकत होते. त्याला पुठ्ठा बांधलेला, त्यावर फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात: "यहाँ दवाई छिड़की है. जानवर न चराएँ."

"पलीकडच्या वस्तीतल्या बकऱ्या येतात इथे," म्हणाले. "जरा धर हा बांबू. सरळ धर."

मी धरला.

गवत आता पिवळं पडायला लागलंय.

धोंडू, चूक माझी होती. अण्णांची नाही आणि तुझ्या वयाचीही नाही. माफ कर.

तुला आमच्या घराचा शेवटचा निरोप.