दहा वाजताची नोंद

फौज सोडल्यावर माझं पुढचं पोस्टिंग सिंगापूर. घरी मी असंच सांगितलं, कारण पाच वर्षं त्यांच्या कानांवर तोच शब्द पडत होता. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथला कामाचा परवाना, आंग मो किओमध्ये भाड्याची एक खोली, आणि वन-नॉर्थमधल्या काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ड्युटी. वेळ ०७:०० ते १५:००. गेल्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट.

फौजेत मी सिग्नल्समध्ये कॅप्टन होते. टेलिफोन लाइन, रेडिओ आणि एक्स्चेंज माझ्या ताब्यात. सिंगापूरचं काम त्याच जातकुळीचं होतं. युरोपातल्या सहा देशांमधली वीज, पाणी आणि घरं गरम ठेवणारी केंद्रं संगणकावरून चालतात. त्या संगणकांत कुणी परका घुसत नाही ना, हे पाहायचं. तिकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे सकाळ, म्हणून त्यांच्या रात्रीचा पहारा आमच्या कंपनीनं घेतला होता. बाहेर ऊन, आत एसी, समोर पडदे, पडद्यांवर आकडे. मी शिफ्ट लीड होते. हाताखाली चौघं.

पहिल्याच आठवड्यात एक पद्धत नजरेला आली. दर तासाला प्रत्येक केंद्राचे आकडे पाहून शीटवर 'ओके' टाकायचं, असा नियम होता. मंडळी मात्र ०७:०० ला आल्या आल्या १५:०० पर्यंतचे सगळे रकाने भरून मोकळी होत. ऑडिटला रिकामा रकाना चालत नाही. आणि काही बिघडलंच तर संगणक स्वतःच अलार्म वाजवतो, मग माणसानं वेगळं काय पाहायचं?

मी विरोध केला. आमचा मॅनेजर निखिल पुण्याचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पद्धत तशीच ठेवली. हुई लिंग ही इथलीच मुलगी, टीममध्ये सगळ्यांत हुशार. इथल्यांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावत ती म्हणाली, "कॅप्टन, कॉम्प्युटर बघतोय लाह. तू कॉफी घे." निखिल रोज सकाळी विचारायचा, आज परेड किती वाजता? मी म्हणायचे, तुझी दाढी झाल्यावर. सगळे हसायचे. मीही हसायचे. शीट मात्र तशीच भरली जायची, आणि १५:०० ला खाली सही माझी असायची.

ही पद्धत मी आधी एकदा पाहिली होती. तीही सांगायला हवी.

उत्तरेत, बर्फातल्या एका ठाण्यावर माझं एक्स्चेंज होतं. तिथून पुढच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची केबल एका मोठ्या उतारावरून आडवी गेली होती. दर तासाला फोन फिरवून लाइन जिवंत आहे का ते पाहायचं आणि लॉगबुकात लिहायचं, हा हुकूम. थंडीत पेनातली शाई गोठते. म्हणून ऑपरेटर सकाळी सहाला बुखारीवर, म्हणजे रॉकेलच्या शेगडीवर, पेन शेकायचे आणि शाई वाहते आहे तोवर पानभर नोंदी उरकून घ्यायचे. ०७:०० ओके. ०८:०० ओके. दुपारपर्यंत ओके. मला माहीत होतं. थंडी खरी होती, म्हणून मी कानाडोळा केला.

माझ्या लाइन पार्टीचा प्रमुख होता हवालदार रामू गावडे, चंदगडचा. लाइन तुटली की शोधून जोडणं हे त्याचं काम. तो कानानं काम करायचा. मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "जिवंत लाइन खरखरते, मॅडम. अगदी साफ लागली तर आधी संशय घ्यायचा."

एका सकाळी १०:२० ला पुढच्या पोस्टशी बोलायला गेलो तर लाइन मुकी. तिथला रेडिओ सेट आधीच बंद पडलेला. पोस्टवर एक जवान आजारी होता, त्याला न्यायला हेलिकॉप्टर येणार होतं, आणि तिथलं हवामान कळल्याशिवाय पायलट उडणार नव्हता. गावडेनं दोराचं बंडल खांद्यावर टाकलं आणि मला विचारलं, "दहाला बोलणं झालं होतं?"

मी लॉगबुक पाहिलं. "दहाला ओके."

"म्हणजे दहापर्यंत उतार जागेवर होता. सरकत असता तर केबल आधीच तुटली असती. जातो."

१०:५५ ला उतार सुटला. गावडेच्या मागचे दोघे कडेला होते, ते वाचले. गावडे दोन दिवसांनी सापडला.

ऑपरेटरनं मला दुसऱ्या संध्याकाळी खरं सांगितलं. त्या दिवशी आठनंतर कुणी फोन फिरवलाच नव्हता. लाइन साडेआठच्या सुमारासच गेली असावी. पहाटेपासूनच उतार सरकत होता, त्यानंच केबल ओढली होती. नऊला फोन फिरवला असता तर गावडेनं त्या बर्फावर पाऊल ठेवलं नसतं. नोंदीवर विश्वास ठेवून तो गेला.

सिंगापूरच्या त्या सकाळकडे परत येते.

०९:०० ते ०९:५० मी मीटिंगमध्ये होते. १०:०० ला जागेवर आले आणि सवयीनं स्वतःच्या वहीत आकडे उतरवायला लागले. बाल्टिक समुद्राकाठच्या एका छोट्या गावात घरांना गरम पाणी पुरवणारं केंद्र आहे. पाइपमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ८४.२. पाच मिनिटांनी पाहिलं, ८४.२. मागची नोंद उघडली. ०८:२० पासून ८४.२, एका दशांशाचाही फरक नाही. वाहतं पाणी असं वागत नाही. अगदी साफ लाइन लागली होती.

अलार्म वाजलाच नव्हता, कारण आकडा चांगला होता.

ग्राहकाला फोन करायचा तर आधी मॅनेजरची परवानगी लागायची. फोन केला की घटना नोंदली जाते, आणि नोंदलेली घटना कंपनीला नको असते. मी फोन उचलला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. रात्रपाळीला योनास नावाचा एकटा माणूस, निवृत्तीला आलेला.

"योनास, सिंगापूर बोलतेय. पडद्यावर तापमान किती?"

"चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. तुम्हालाही तेच दिसत असणार."

"पाइपवरचा काट्याचा मीटर पाहून या."

"तो पंपघरात आहे, अंगणापलीकडे. बाहेर उणे एकोणीस आहे. तुमच्याकडे किती?"

"अधिक एकतीस. कोट घाला आणि जा. फोन ठेवू नका."

तो काहीतरी पुटपुटला. मग दाराचा आवाज आला. निखिल माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं विचारलं, कुणाच्या परवानगीनं. मी घड्याळ पाहत होते. १०:१४ ला योनास धापा टाकत परत आला.

"अठ्ठावन्न. आणि उतरतंय. एक पंप बंद आहे. हा पडदा खोटं बोलतोय."

"बाहेरून येणाऱ्या सगळ्या केबल्स काढा. केंद्र हातानं चालवता येईल?"

"बाई, कॉम्प्युटर यायच्या आधी मी हातानंच चालवत होतो."

१०:४० ला काटा चढायला लागला. पाइपच्या शेवटच्या टोकाला गावाचं हॉस्पिटल होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. आणखी काही तास गेले असते तर पाइप गोठून फुटले असते.

परका कुठून शिरला, ते हुई लिंगनं वीस मिनिटांत शोधलं. दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराला दुरून आत यायला एक वाट ठेवलेली होती. त्याच वाटेनं कुणीतरी शिरून जुने, चांगले आकडे पडद्यावर पुन्हा पुन्हा चालवत होतं आणि मागे पंप बंद करत होतं. हाच कंत्राटदार आमच्या यादीतल्या आणखी सहा केंद्रांत होता, तीन देशांत. दोन पाण्याची, बाकीची विजेची.

मी सहाही नंबर मागितले. निखिलनं हात आडवा घातला. एका ग्राहकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, करारात लिहिलंय. पश्चिम युरोपातल्या लीगलला, म्हणजे कंपनीच्या वकिलांना, मेल टाकलाय, त्यांचं उत्तर येऊ दे.

"लीगल कधी उठणार?"

"तिकडचे नऊ. आपले चार."

"म्हणजे जवळजवळ सहा तास. तोवर सहा गावांचं काय?"

"नियम आहे, बाई. मी बनवला नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुझा पास कंपनीच्या नावावर आहे. एवढं लक्षात ठेव."

ही धमकी होती की काळजी, मला आजही ठरवता येत नाही. पण तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं. युरोपातल्या देशांना सीमा आहेत, कायदे वेगळे आहेत, वकील वेगळे आहेत. चोराला यातलं काही आडवं येत नाही. तो एका रात्रीत तीन देश फिरतो, आणि पहारेकरी मात्र शेजारच्या घराचं दार वाजवायला परवानगी मागत बसतो. ज्या पहारेकऱ्याला हाक मारायची मनाई आहे, तो चोराच्याच पगारावर आहे असं समजावं. कुणी त्याला करार म्हणो.

मी पहिला नंबर फिरवला. हुई लिंगनं न विचारता यादीतले खालचे तीन घेतले. निखिल म्हणाला, तू यात पडू नकोस. ती म्हणाली, "बॉस, मी फक्त फोन करतेय लाह."

कुठल्या गावात काय झालं ते आम्ही कुणाला सांगितलं नाही. दोनच वाक्यं ठरवली होती. मीटर डोळ्यांनी पाहून या. कंत्राटदाराची केबल काढा. एका ठिकाणच्या माणसानं आम्हालाच खोटे ठरवून फोन आपटला. मी परत लावला. तिसऱ्यांदा त्यानं शिवी दिली आणि मीटर पाहायला गेला. ११:३५ पर्यंत सहाही केंद्रं झाली. दोन ठिकाणी परका आत होता. त्यातलं एक पिण्याच्या पाण्याचं.

१४:३० ला निखिलनं मला काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर शीट होती. बाल्टिकच्या केंद्रापुढे ०९:०० ओके, १०:०० ओके, पुढेही ओके, थेट १५:०० पर्यंत. पुढचे रकाने बदलू, तो म्हणाला. ०९:०० तसाच राहू दे. म्हणजे केंद्र नऊला ठीक होतं, दहाला बिघडलं, आपण चौदा मिनिटांत पकडलं. चौकशी येईल तेव्हा कंपनी ताठ उभी राहील. आणि तूही.

"नऊला कुणी पाहिलं?"

"पडद्यावर चौऱ्याऐंशीच होते ना? पाहिलं असतं तरी ओकेच लिहिलं असतं."

हे खरं असू शकेल. पण पाहिलं नव्हतं. त्यांनीही नाही आणि मीटिंगमध्ये बसलेल्या मीही नाही. निखिलनं पेन पुढे केलं. ते पेन गरम करावं लागणार नव्हतं, एवढाच फरक.

गावडेच्या मृत्यूनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, म्हणजे फौजेतली चौकशी. मला विचारलं गेलं, दहा वाजता लाइनची स्थिती काय होती? मी म्हणाले, "लॉगप्रमाणे ओके, सर." वाक्यात चूक काढता आली नसती. ऑपरेटरनं जे मला सांगितलं होतं, ते मी सांगितलं नाही. तो एकोणीस वर्षांचा होता, त्याला वाचवलं, असं मी स्वतःला समजावत आले. त्या पानाखाली सही कुणाची होती, हे स्वतःलाही सांगत नव्हते. शेवटी निष्कर्ष निघाला की हवालदाराचा उताराबद्दलचा अंदाज चुकला.

मी पेन घेतलं. ०९:०० पुढचा 'ओके' खोडला आणि लिहिलं, तपासलं नाही. मग ०८:०० पुढचाही. मग त्या दिवसाची सगळी शीट, चाळीसेक केंद्रं, एकेक रकाना. निखिल समोर बसून पाहत राहिला. खाली सही केली.

"हे कुणी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

तीन आठवड्यांनी माझा पास रद्द झाला. तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. हुई लिंगला ठेवून घेतलं, याचा आनंद आहे. जायच्या आदल्या दिवशी तिनं हॉकर सेंटरमध्ये जेवू घातलं आणि सांगितलं की शीट आता तासातासाला भरतात, निखिल स्वतः मागे उभा राहतो. योनासचा मेल आला होता. केंद्रात नवा नियम झालाय, दर तासाला अंगण ओलांडून मीटर पाहायचा, आणि त्याचे गुडघे मला शिव्या देतात.

भारतात उतरल्यावर मी जुन्या युनिटला नवा जबाब लिहून पाठवला. नंतर चंदगडला गेले. गावडेच्या पत्नीचं नाव सुनंदा. मी त्यांना सगळं सांगितलं. शेगडीवर शेकलेलं पेन, पानभर ओके, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"म्हणजे त्यांचा अंदाज चुकला नव्हता."

"नाही, ताई."

"गावात सगळे म्हणतात, रामूनं घाई केली. पोरगंही तेच ऐकत मोठं झालं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "हे लिहून द्या. चारचौघांना वाचता येईल असं."

लिहून देते आहे.

हवालदार रामू गावडे, लाइन पार्टी, राहणार चंदगड. त्यानं उतारावर पाऊल ठेवण्याआधी जे विचारायचं ते विचारलं. त्याला उत्तर खोटं मिळालं. त्या दिवशी दहा वाजता लाइन तपासली नव्हती. नोंद ओके होती. सही माझी होती.