खात्रीशेठांची पहिली परीक्षा

खात्रीशेठ, वय एक्केचाळीस, पैकी अठरा वर्षे कचेऱ्याकचेऱ्यांतून प्रिंटर दुरुस्त करण्यात गेलेली. हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी ठेवले आणि रागावल्यावर पत्नीही तेच वापरू लागली. कारण उघड होते. ‘छपाई फिकी येते’ असे कुणी सांगितले, तर ते सांगणे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत, स्वतःच्या हाताने चाचणीचे पान छापून घेत आणि मगच झाकण उघडीत. गिऱ्हाईक खोटे बोलते असे त्यांचे म्हणणे नव्हते. खरे काय ते गिऱ्हाइकाला ठाऊकच नसते, असे होते.

कंपनीने प्रिंटरचा विभाग बंद करायचे ठरवले, तेव्हा विभागप्रमुख बाईंनी सर्वांना बोलावून सांगितले की, संगणकक्षेत्रातील एक प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षा जो उत्तीर्ण होईल, त्याला मदतकक्षात घेतले जाईल. फी कंपनी भरेल, पण एकदाच; नापास होणाऱ्याची नोकरी विभागाबरोबरच संपेल. ग्राहकसाहाय्य, नेटवर्क आणि सुरक्षा अशा तीन परीक्षा होत्या. निवड ज्याची त्याने करायची होती. बाकीचे सगळे नेटवर्ककडे वळले. खात्रीशेठांना मात्र बाईंनी दाराशी थांबवून ग्राहकसाहाय्याची परीक्षा आधी देण्याचा सल्ला दिला.

त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिन्हींत ती परीक्षा सर्वांत खालची समजली जाई. मग अठरा वर्षे घासलेल्या माणसालाच बालवर्गात बसवण्याचे कारण काय? वरच्या जागा तरण्याताठ्यांसाठी राखून ठेवायच्या असतील, तर त्याला याहून सभ्य मार्ग नव्हता.

घरी मेहुण्याने सुरक्षेचा आग्रह धरला. त्याच्या एका मित्राने नुकताच त्याच परीक्षेचा क्लास काढला आहे, हे खात्रीशेठांनी दोनच प्रश्नांत काढून घेतले आणि विषय बदलला.

“सगळ्यांचाच संशय येत असेल, तर चिठ्ठ्या टाका,” पत्नी म्हणाली.

“चिठ्ठ्या लिहिणार कोण?” त्यांनी विचारले.

शेवटी त्यांनी आपला नेहमीचा मार्ग धरला. तिन्ही परीक्षांच्या नमुना प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सोडवायला घेतल्या. छापील उत्तरे पत्नीच्या ताब्यात दिली. कारण या बाबतीत त्यांचा स्वतःवरही विश्वास नव्हता.

नेटवर्कमध्ये ते आरामात उत्तीर्ण झाले, सुरक्षेत थोडक्यात हुकले, आणि बालवर्गाच्या परीक्षेत सपशेल आपटले. त्यातही प्रिंटरच्या प्रश्नांवर! उत्तरेच चुकीची छापली असणार, असे त्यांनी जाहीर केले. पत्नीने चुकलेले प्रश्न एकामागून एक मोठ्याने वाचले. तक्रार आल्यावर सर्वप्रथम काय कराल, या अर्थाच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी यंत्र तपासण्याचे उत्तर दिले होते. छापील उत्तर होते: वापरणाऱ्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“तुम्हाला हे आधीच माहीत होतं,” ते म्हणाले.

“नेटवर्क तुम्ही पास व्हाल, हेही माहीत होतं. पण नंतर बसायचंय कुठे? मदतकक्षात. तिथे तुमच्या हातात फोन असेल, पेचकस नाही. फोनवरून झाकण कसं उघडणार? तिथून तीन महिन्यांत घरी गेलेली माणसं पाहिलीत मी. सगळी हुशार होती.”

“मग बाकीच्यांना का नाही सांगितलंत?”

“ते गिऱ्हाइकाशी बोलतात. तुम्ही त्याच्या प्रिंटरशी बोलता.”

यात कुठे पाणी मुरते आहे का, हे ते घरी पोहोचेपर्यंत शोधत राहिले. सापडले नाही, म्हणून नाइलाजाने ग्राहकसाहाय्याच्या परीक्षेसाठी नाव नोंदवले.

सरावासाठी पत्नीने स्वयंपाकघरातून तक्रार करायची आणि त्यांनी बाहेरच्या खोलीतून खुर्ची न सोडता उपाय सांगायचा, असे ठरले. मिक्सर चालत नाही, अशी तक्रार आली. खात्रीशेठ लगेच उठले. तिने त्यांना परत बसायला लावले. बटणाचे विचारून झाले, वायरीचे झाले. मग त्यांनी पुस्तकातला प्रश्न मोठ्या अनिच्छेने विचारला:

“बंद पडण्याआधी काही वेगळं घडलं होतं का?”

“हो,” आतून आवाज आला. “काल तुम्ही तो उघडला होता.”

खात्रीशेठांनी पुस्तक मिटले. मग त्यांनी, प्रथमच, आपणहून पुढचा प्रश्न विचारला.

ते परीक्षा उत्तीर्ण झाले. निकाल दोन वेगवेगळ्या संगणकांवर पाहून झाल्यावरच त्यांनी तो घरी सांगितला. मदतकक्षात त्यांना खिडकीजवळचे टेबल मिळाले. पलीकडचा माणूस बोलत असताना ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, असे शेजारचे सांगतात. नेटवर्कची परीक्षा स्वखर्चाने द्यायची राहिली आहे. बाईंचे आभार मानायचेही राहिलेच. आपल्या भल्यासाठी त्यांनी हे केले की कक्ष नीट चालावा म्हणून, हे खात्रीशेठांना अजून पुरते कळलेले नाही.