टॅसिटर्न की रेटिसंट?

वैरागडे सरांना कुठल्याही इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की ते आधी त्याच्या जवळचा दुसरा शब्द शोधत. "एकट्या शब्दाचा अर्थ लागत नाही गा, त्याच्या शेजाऱ्याले बोलवा," म्हणत. नागपुरातल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि मी गणित. घरंही एकाच गल्लीत, त्यामुळे सायकली हातात धरून आम्ही बोलत बोलत परतायचो.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांना 'टॅसिटर्न' आणि 'रेटिसंट' यांतला फरक विचारला. माझ्या शब्दकोशात दोन्हींपुढे 'अबोल' एवढंच होतं. सर थांबले. "टॅसिटर्न तो, ज्याचा स्वभावच कमी बोलायचा. त्याच्या पोटात काही असंलच असं नाही. रेटिसंटच्या पोटात असते, पण तो सांगत नाही." मग थोडं चालून म्हणाले, "आमची शोभा रेटिसंट झाली."

शोभा त्यांची एकुलती एक मुलगी. बायको गेल्यावर सरांनीच तिला वाढवलं. पूर्वी ती बोलायला लागली की सगळ्या गल्लीला ऐकू जाई. कामठीला सासरी गेल्यावर पहिल्या दिवाळीला आली, ती विचारलं तेवढ्याचंच उत्तर देऊ लागली. शेजारच्या बाया म्हणत, लग्नानं पोरगी शहाणी झाली. सरांनी परोपरीनं विचारून पाहिलं. माझ्या बायकोलाही विचारायला लावलं. 'काही नाही' याच्या पलीकडे ती गेली नाही.

जावई न्यायला आला. नम्र माणूस. सरांच्या पाया पडला, चहा प्यायला. पाठवत नाही म्हणायला सरांजवळ कारण नव्हतं. तिनं पिशवी उचलली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शोभा, तुले जायचं आहे का वं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि 'हो' म्हणाली.

त्यानंतर सर दर रविवारी बसनं कामठीला जात. एकदा मीही गेलो. ओसरीत बसून ते शाळेतल्या गमती सांगत राहिले, ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली. परतताना बसमध्ये म्हणाले, "पोटच्या पोरीले काय विचारावं, तेच मले समजून नाही राहिलं."

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत, एका दुपारी सर अचानक गेले. शोभा आली, त्यांच्या उशाशी बसली, कानाशी वाकली आणि बोलायला लागली. हळू आवाजात, न थांबता. बायांच्या रडण्यात आम्हाला एक शब्दही कळला नाही. बाहेर तिरडी बांधून झाली, तरी तिला उठवायला कोणी पुढे होईना.

शेवटी जावयानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती गप्प झाली.