उठाबशा काढणारे डबे

मास्तरीणबाईंना हसू आवरायचं नाही, आणि ते यायचं नेमकं नको तिथे. परीक्षेच्या हॉलमध्ये यायचं, दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसल्यावर यायचं. स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीला तिथल्या अधिकाऱ्याने त्यांचं नाव वाचताना मध्येच शिंक दिली आणि नावाचे दोन तुकडे झाले, तेव्हा तर त्या अशा खिदळल्या की साक्षीदारांना सही कुठे करायची तेच उमगेना. शेजारी उभा असलेला नवरामुलगा, पेशाने घड्याळजी, चेहऱ्याची सुरकुतीही हलू न देता समोर बघत होता. फक्त त्याचे खांदे हलत होते. ते खांदे पाहून बाईंना कळलं की निवड चुकलेली नाही.

तेव्हा त्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूसही सावधानमध्ये उभा राहावा. पुढे मुली कमी झाल्या, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि त्या शाळेत कवायतीला आधीच एक बाई होत्या. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मास्तरीणबाई कॉम्प्युटरच्या वर्गाला गेल्या. वर्गात सगळ्यात जास्त चुका त्यांच्या आणि सगळ्यात जास्त हसणंही त्यांचंच. पण चूक सापडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही ही खोड शिकवणाऱ्याने हेरली आणि एका कंपनीत त्यांचं नाव सुचवलं.

ही कंपनी लिफ्टच्या आत बसणारे डबे बनवायची. डबा म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. कोणत्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, हे तो ठरवतो. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक गाभा असतो. वीज आली की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि मग बाकीच्यांना हलवून उठवतो. घरात सगळ्यात आधी उठणाऱ्या बाईसारखं त्याचं असतं. ती उठली नाही तर चूल थंड, दूध दाराबाहेर आणि पोरं शाळेऐवजी अंथरुणात. कंपनीतले गाभेवाले, म्हणजे हा गाभा लिहिणारे लोक, त्यात सतत काहीबाही सुधारत असत. सुधारलेला गाभा खरंच उठतो की नाही हे बघायचं काम एका स्क्रिप्टचं, म्हणजे आपोआप पार पडणाऱ्या सूचनांच्या यादीचं होतं, आणि त्या स्क्रिप्टची देखभाल मास्तरीणबाईंकडे आली.

स्क्रिप्ट मूळची ज्याने लिहिली तो नोकरी सोडून मधमाश्या पाळायला गेला होता. जाताना त्याने मध्येच एका ओळीत लिहून ठेवलं होतं, ‘इथे हात लावू नये. का, ते मलाही माहीत नाही.’ पहिल्या दिवशी हे वाचून बाई इतक्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी पाणी आणून दिलं.

काम तसं सरळ होतं. एका खोलीत फळ्यांवर वेगवेगळ्या वयाचे आणि बनावटीचे डझनभर डबे मांडलेले. नवा गाभा आला की स्क्रिप्ट तो प्रत्येक डब्यात भरी, वीज बंद करी, चालू करी, वाट बघे आणि डबा तारेवरून काय बोलतो ते ऐके. ठीक असेल तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा चौकोन, नाहीतर लाल. दिवसभर हेच. बंद, चालू, बंद, चालू. गाभेवाल्यांपैकी एकजण म्हणाला, “ह्या बाईंनी शाळा सोडली, पण उठाबशा सोडल्या नाहीत. आता डब्यांकडून काढून घेतात.” त्या दिवसापासून मास्तरीणबाई हे नाव चिकटलं, ते त्यांनाही आवडलं.

देखभाल म्हणजे बारीकसारीक भानगडी. कुठे तार सैल, कुठे वाट बघायची वेळ कमी पडते. बाईंनी डब्यांना नावं ठेवली होती. उठायला वेळ लावणारा तो डुलकी. पंख्यातून कुंईकुंई आवाज काढणारी ती रडूबाई. सगळ्यात जुना, रंग उडालेला, दारामागच्या फळीवर बसलेला तो आजोबा. घरी जेवताना त्या सांगायच्या, “आज डुलकी वेळेवर उठला,” आणि सासूबाई विचारायच्या, “त्याला सर्दी होती ती गेली का?” सासूबाईंना वाटे ही अजून शाळेतच आहे. बाईंनी एकदोनदा खुलासा केला, मग सोडून दिला. सर्दीची चौकशी त्यांना हवीहवीशी वाटायची.

तर झालं असं. गाभ्याची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती आणि ती बघायला लिफ्टचा मोठा कारखानदार स्वतः आला होता. उंच, गंभीर, हाताची घडी घातलेला. कंपनीच्या साहेबांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडीची रेघ पाठीवर तशीच होती. सगळेजण पडद्यापुढे खुर्च्या मांडून बसले.

“आमची तपासणी आपोआप होते,” साहेब कारखानदाराला म्हणाले. “माणसाचा हात लागत नाही. आता बघा.”

बाईंनी स्क्रिप्ट चालू केली. पहिला चौकोन लाल झाला. साहेब म्हणाले, “एखादा होतो असा.” दुसरा लाल झाला. मग तिसरा. मग गोवर उठावा तसा सगळा पडदा लालेलाल झाला.

गाभेवाल्यांच्या प्रमुखाने चष्मा पुसून पडदा पुन्हा बघितला. कारखानदाराने हाताची घडी सोडून पुन्हा घातली. साहेबांनी बाईंकडे बघितलं. त्या नजरेत ‘काहीतरी करा’ आणि ‘धरणी मला गिळो’ हे दोन्ही होतं.

बाई उठून डब्यांच्या खोलीत गेल्या. समोरच्या फळ्यांवर सगळ्यांचे दिवे शांतपणे हिरवे पेटलेले. डुलकी जागा. रडूबाई कुंईकुंई करत कामाला लागलेली. ह्यांना काय धाड भरली आहे? ही तर सगळी टुणटुणीत उभी आहेत, आणि स्क्रिप्ट म्हणते मेली. बाईंनी एका डब्याचं बोलणं पडद्यावर काढलं आणि शेवटची ओळ वाचली. डबा व्यवस्थित सांगत होता, मी रेडी आहे.

मग त्यांनी स्क्रिप्ट उघडली. स्क्रिप्टही ‘रेडी’ या शब्दाचीच वाट बघत होती. फक्त तो इंग्रजी शब्द तिथे चुकीचा लिहिलेला होता, मधला ‘ए’ गाळून. फार वर्षांपूर्वी कुणा गाभेवाल्याने गाभ्यात तो शब्द चुकीचा लिहिला, मधमाशीवाल्याने स्क्रिप्टमध्ये तो हुबेहूब उतरवून घेतला, आणि तेव्हापासून दोघांचा चुकीचा संसार सुखाने चालला होता. या आठवड्यात मात्र कुणीतरी गाभ्यातला शब्द शुद्ध केला होता. डबे बिचारे शुद्ध भाषेत हजेरी देत होते आणि स्क्रिप्ट म्हणत होती, असा मुलगा आमच्या वर्गात नाही.

कुणी केलं हे, याला उत्तर एकच होतं. वेलांटीकाका.

वेलांटीकाका पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि आता कंपनीची माहितीपुस्तकं लिहायचे. कॅन्टीनच्या फळ्यावरच्या ‘चहा’ या शब्दात ऱ्हस्व की दीर्घ असला वाद नसतो याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. गाभ्यातल्या सूचनाही एकदा नजरेखालून घालू का, असं त्यांनी विचारलं होतं आणि गाभेवाल्यांनी ‘घाला की’ म्हटलं होतं.

बाईंना हसू फुटायला लागलं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, रडूबाईला धरून जरा उभ्या राहिल्या, आणि चेहरा सरळ करून परत पडद्यापुढे आल्या.

“डबे ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे उठलेत. फक्त ते,” इथे आवाज चिरकला, “ते शुद्ध बोलायला लागलेत.”

“काय?” साहेब म्हणाले.

बाईंनी कसंबसं सांगितलं. प्रत्येक वाक्याच्या मध्ये एकेक हुंदका. कारखानदाराला वाटलं बाई रडताहेत, त्याने आपली खुर्ची पुढे केली. साहेबांच्या कानाच्या पाळ्या पडद्याच्या रंगाच्या झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून वेलांटीकाका उठले. इस्त्रीचा सदरा, खिशाला लाल पेन.

“चूक होती म्हणून सुधारली,” ते अत्यंत शांतपणे म्हणाले. “आता साहेब म्हणत असतील तर परत घालतो.”

एवढं पुरे होतं. बाईंचं धरण फुटलं. त्या टेबलाला धरून खाली बसल्या. त्यांच्यामागोमाग गाभेवाल्यांचा प्रमुख फिस्सकन फुटला, मग सगळी खोली. कारखानदार आधी नुसता श्वास घेत होता, मग त्याच्यातून जुन्या ट्रकच्या भोंग्यासारखा एक आवाज निघाला, आणि तो त्याच खुर्चीत बसला जी त्याने बाईंना दिली होती. साहेब शेवटपर्यंत टिकले. मग कुणीतरी त्यांच्या नव्या शर्टाच्या कॉलरला लोंबणारा कागद बघितला, ‘सर, किमतीची चिठ्ठी राहिलीय,’ म्हणालं, आणि साहेबही हसत सुटले. वेलांटीकाका तेवढे उभे होते. “यात हसण्यासारखं काय आहे?” ते विचारत होते, आणि त्याने सगळं आणखी वाढत होतं.

डोळे पुसत बाईंनी स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ‘ए’ असो नसो, दोन्ही चालेल. पुन्हा सुरू केली. हिरवा, हिरवा, हिरवा. खोलीत टाळ्या पडायला लागल्या. शेवटच्या चौकोनाशी येऊन पडदा थबकला आणि तो चौकोन लाल झाला.

पुन्हा एक हशा. “ह्याने काय केलं? जोडाक्षर चुकवलं?” प्रमुख म्हणाला.

“तेच असणार,” साहेब म्हणाले. त्यांना आता मोकळं वाटत होतं. “हिरवा धरा बाई. चला, चहा घेऊ.”

बाईंना अजून उचकी लागली होती. “नाही धरता यायचा,” त्या उचकीच्या मध्ये म्हणाल्या. “मघाशी मी समोरच्या फळ्या बघून आले. दारामागे बघितलंच नाही.”

त्या पुन्हा आत गेल्या, यावेळी सगळी वरात मागे. दारामागे आजोबाचा दिवा विझलेला होता. तो काहीच बोलला नव्हता, ना शुद्ध ना अशुद्ध. नव्या गाभ्याने उठता उठता डब्यातल्या घड्याळाला वेळ विचारली होती. आजोबाचं घड्याळ जुन्या बनावटीचं, त्याला तो प्रश्नच समजला नव्हता, आणि गाभा उत्तराची वाट बघत तिथेच बसून राहिला होता. सगळेच लाल असताना हा एक खरा लाल त्यांत लपून गेला होता.

कारखानदार वाकून आजोबाकडे बघत होता. “हे जुने डबे आम्ही कुठे कुठे बसवलेत माहीत आहे?” तो म्हणाला. “जुन्या इमारतींत. दवाखान्यांत.” मग कुणी हसलं नाही, अगदी बाईसुद्धा.

प्रमुखाने तिथेच उभ्या उभ्या दुरुस्ती सांगितली. वेळ विचार, जरा थांब, उत्तर नाही आलं तर पुढे हो. दुपार उलटायच्या आत नवा गाभा तयार झाला, आजोबा खाकरल्यासारखा आवाज करून उठला, आणि आवृत्ती दुसऱ्या दिवशी बाहेर पडेल असं ठरलं. कारखानदाराने त्याला हरकत घेतली नाही. तो चहाला थांबला आणि वेलांटीकाकांना म्हणाला, “आमच्या लिफ्टमधल्या पाट्याही एकदा बघता का?” काकांनी खिशातल्या लाल पेनाला हात लावला. एवढा मान त्यांना छापखान्यातही मिळाला नव्हता.

बाई मात्र चहा घेता घेता विचारात होत्या. “चूक माझ्या तपासणीची आहे,” त्या साहेबांना म्हणाल्या. “मुलगी ‘हजर’ म्हणाली की मी खूण करत होते. उभी आहे का, ते बघतच नव्हते. शाळेत अशी हजेरी मी कधी घेतली नाही.”

“मग?”

“मग आता नुसत्या शब्दावर विश्वास नाही. उठला की त्याच्याकडून काम करून घ्यायचं. खोटं दार उघड, मिट, तिसऱ्या मजल्यावर जा, परत ये.”

पुढचे काही आठवडे त्या तेच करत बसल्या. स्क्रिप्ट अनेकदा मोडली. एकदा तर डुलकी कुणी बटण न दाबताच रात्रंदिवस कल्पनेतल्या दहाव्या मजल्यावर जात राहिला आणि बाई कामावर येऊन बघेपर्यंत त्याने बहुधा स्वर्ग गाठला होता. ‘इथे हात लावू नये’ या ओळीलाही त्यांनी हात लावला. काहीच झालं नाही. त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, ‘हात लावला. बरं वाटलं.’

नव्या गाभ्याच्या लिफ्ट शहरात चालू झाल्या तेव्हा बाई एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन तशा एका इमारतीत गेल्या. काम काही नव्हतं. आत शिरल्या, सगळ्यात वरचं बटण दाबलं. दार मिटलं, लिफ्ट मऊपणे वर निघाली, आणि बाईंना तेच जुनं हसू फुटायला लागलं. वर पोचल्यावर त्यांनी खालचं बटण दाबलं. मध्ये चढलेल्या एका गृहस्थाने विचारलं, “तुम्हाला कुठे जायचंय?”

“कुठेच नाही,” बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून हसू लागल्या. घड्याळजी समोर आकडे बघत स्तब्ध उभा होता, खांदे तेवढे गदागदा हलत होते. गृहस्थ पुढच्याच मजल्यावर उतरले.

सासूबाईंनी लिफ्टची भिंत हाताने चाचपून बघितली. “यातलं तू काय केलंस गं?”

“काहीच नाही, आई. ही अडकली नाही, एवढंच.”

सासूबाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, “बघू, पुन्हा दाब. अजून एकदा जाऊन येऊ.”