डोमाच्या पोटावरची भोकं

चिमूरकडच्या आमच्या गावात माणूस किती आजारी होता हे डॉक्टर ठरवत नाही, टाके ठरवतात. लटारूभाऊंचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्यांना वीतभर फाडलं होतं. त्या भांडवलावर भाऊ मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झाले. बैठकीत वाद वाढला की ते सदरा वर करायचे आणि वाद मिटायचा.

डोमा त्यांच्याच जाळ्यावरचा गडी. तळ्यात सगळ्यांआधी उतरणारा, आणि कोणी कामचोर म्हटलं की पेटून उठणारा. दोन हजार सात-आठची गोष्ट. त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं, नागपूरला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दुर्बिणीनं मूत्राशय काढलं आणि त्याच्याच आतड्याचं नवं शिवून बसवलं. एवढा मोठा कारभार, पण पोटावर चार-पाच भोकं नि एक बोटभर चीर. काही महिने जड ओढायचं नाही, असं बजावून त्याला घरी पाठवलं.

आमच्याकडे आजारी गड्याच्या घरी मासळीचा वाटा जातो. डोमाच्या चुलीला तेवढाच आधार होता. वाटा मागायचा तर बैठकीत पोट दाखवणं आलं. लटारूभाऊ चष्मा लावून वाकले.

"हे का ऑपरेशन होय? मच्छर चावले असन! कामचोरी करून राह्यला तू."

"कॅन्सर होता भाऊ त्याले," डोमाची बायको ताराबाई म्हणाली. "मुताची पिशवी नवी बसवली."

"आतड्याची पिशवी? अन् भोकातून? कोनाले शिकवते, बाई?"

सगळे खो खो हसले. अडाणीपणाला इतकं मोकळं हसता येतं, याचा मला आजही संताप येतो.

उपाशी राहणं डोमाला जमलं असतं, कामचोर म्हणवून घेणं नाही. ताराबाई हात धरून मागे ओढत होती, तरी तो तळ्यात उतरला नि भरलेलं जाळं ओढायला लागला. थोड्या वेळानं पोट धरून काठावर बसला. चिरेच्या जागी आतडं फुगून आलं होतं. पुन्हा नागपूर. या वेळी दुर्बीण नव्हती, डॉक्टरांनी पोट उभं फाडलं. जीव वाचला, पण जाळं कायमचं सुटलं.

तो घरी आला त्या दिवशी लटारूभाऊ स्वतः मोठा रोहू घेऊन दारात हजर. टाके पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आता कसं ऑपरेशन झाल्यावानी वाटते! आजपासून वाटा चालू."

तो रोहू त्यांच्याच तोंडावर मारावा, असं ताराबाईच्या मनात आलं. पण घरात शिजवायला दुसरं काहीच नव्हतं. तिनं तो घेतला.