चाळीस फलंदाजांचा तक्ता

माझा धाकटा भाऊ प्रबोध इथे सिंगापूरला एका विमा कंपनीत आकडेमोड करतो. ऑफिस जुरोंग ईस्टला, घर बेडोकला, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्याच मजल्यावर. माणसं साधारण किती जगतात हे तो तक्त्यावरून सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज जराही हलत नाही. बायको नीता गेली तेव्हाही हॉस्पिटलचे कागद तारखेनुसार लावत बसला होता. लोक म्हणाले, दगड आहे. मी त्याला लहानपणापासून बघते. जितका घाबरतो तितके रकाने आखतो.

नाद एकच, अमेरिकेतल्या बेसबॉलचा. तिथल्या रात्रीच्या मॅचेस इथे सकाळी लागतात. पूजा आटोपून प्रसाद द्यायला वर जावं, तर बापलेक टीव्हीपुढे. त्यातूनच त्याची लेक मैत्रेयी शाळेत सॉफ्टबॉल खेळायला लागली. आणि एका वर्षी पोरीने कमालच केली. दहादा बॅट घेऊन उभी राहिली तर पाचदा फटका. शाळेत आजवर कुणाला जमलं नव्हतं. ट्रॉफी घेऊन आली त्या संध्याकाळी मी तिची दृष्ट काढली. प्रबोध म्हणाला, "ठीक आहे. बॅग आवर." आमच्याकडे मुलांचं तोंडावर कौतुक करतच नाहीत. बाबांनी आमचं तरी कुठे केलं?

पुढच्या मोसमात चेंडू बॅटला लागेना. मी मंगळवार धरले. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी प्रबोधने तिच्यापुढे एक कागद ठेवला. बेसबॉलचे चाळीस मोठे फलंदाज, त्यांचं सगळ्यात गाजलेलं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष. छत्तीस जण घसरलेले.

"बघ, सगळ्यांचंच होतं असं."

तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. ट्रॉफी आणली तो दिवस.

"बाबा, त्याच दिवशी ठरवलंत मी घसरणार म्हणून?"

"ठरवलं नाही गं. शक्यता..."

"मग तेव्हाच सांगायचं ना, लाह! फुकट प्रॅक्टिस केली वर्षभर." चिडली की इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडते.

कागद टाकून ती खोलीत गेली. मी उचलून वाचला. शेवटच्या रकान्यात होतं, घसरलेल्यांतले चौतीस जण तरीही सर्वसाधारण खेळाडूंपेक्षा कितीतरी वर.

"अरे, हे वाचून दाखव की तिला!"

"तिला वाचता येतं, ताई." तरी उठला. तिच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

ती मॅच ती खेळलीच नाही. पुढे शिकायला मेलबर्नला गेली. फोन माझ्याकडे येतो, बापाला नुसते मेसेज. त्या रकान्याचं सांगायला गेले की फोन ठेवते. गेल्या महिन्यात मात्र आवाज हसरा होता. "आत्या, इथे टीम मिळाली. मस्त खेळतेय. पण बाबांना सांगायचं नाही हं, लगेच तक्ता काढतील. देवाची शपथ घे."

त्या हसऱ्या आवाजाच्या भरात मी घेतली.

काल प्रबोध जेवायला आला. भात कालवता कालवता म्हणाला, "ताई, खेळते का गं ती अजून?"

मी वरणाची वाटी पुढे सरकवली. त्याने त्याचा अर्थ लावला.

"सोडलंच म्हणजे." कालवलेला भात त्याने ताटाच्या कडेला सारला. "ट्रॉफी आणली त्या दिवशी नुसतं शाबास म्हणायचं होतं गं. भीती वाटली मला."

आणि ताट तसंच ठेवून उठला.

आज पूजेला बसले तेव्हा मागायला एकच गोष्ट होती, शपथ मोडायची परवानगी. फुलं वाहिली, आरती झाली, तशीच बसून राहिले. वरून रोजचा मॅचचा आवाज आज येत नव्हता.