काकूंचा पाणचिरा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शहागडच्या पुलाखालून उडत गेलेला एक पक्षी कच्चा राहिलेला आहे. त्याला पक्का करण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला होता. कोणाची हरकत असल्यास ती नोंदवावी. आम्ही ऐकून घेऊ आणि काहीही करणार नाही.

पक्षी कच्चे आणि पक्के असतात हे मला जुन्या जालन्यात, आमच्याच गल्लीतल्या कापडाच्या दुकानात कळलं. दुकानाचे मालक मूळ घनसावंगीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी जालन्यात एका व्यापाऱ्याकडं कामाला लागले, पुढं स्वतःचं दुकान टाकलं. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. अण्णांची बायको काकू कशी, असं विचारू नका. गल्लीतली नाती अशीच लागतात.

दुकानात माल आला की बघण्यासारखं नाटक व्हायचं. अण्णा गाठ सोडायचे, कापडाचं एकेक थान उचलून खड्या आवाजात पुकारायचे, "पॉपलिन, पांढरं! बराबर?" त्यांच्या डाव्या खांद्याशी काकू उभ्या. त्या उंचीनं बेताच्या, त्यामुळं अण्णांना मान डावीकडं आणि थोडी खाली वळवावी लागायची. काकू थानावर नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बराबर." मगच बिलावर खूण व्हायची. पुकारणारा एक, बघणारा दुसरा. एकट्यानं माल उतरवायचा नाही, हा दुकानाचा नेम होता. "एकटा माणूस त्याला जे पाहिजे तेच बघतो, सर," असं अण्णा मला सांगायचे. मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे एकट्यानं बोलायचा पगार घेतो. मला ते जरा लागायचं.

मग डॉक्टरांनी अण्णांना साखरेपायी चालायला लावलं. नवरा-बायको रविवारी सकाळी घाणेवाडीच्या तलावावर जाऊ लागले, आणि तिथं काय जादू झाली कोण जाणे, चालायचं राहिलं बाजूला, दोघं पक्षी बघू लागले. बघणं म्हणजे काय, माल उतरवणंच ते! थानाच्या आत कापड गुंडाळायला जो जाड पुठ्ठा असतो, त्यावर अण्णांनी पक्ष्यांची यादी आखली. "खंड्या! बराबर?" मान डावीकडं, थोडी खाली. "बराबर." खूण.

त्यांच्या नादानं मीही जाऊ लागलो, आणि बँकेतल्या वाघमारे मॅडम आल्या. जीप संतोषची, भाड्याची. संतोष हा पक्ष्यांच्या बाबतीत संपूर्ण निर्विकार मनुष्य. आम्हाला पाण्याच्या काठी सोडायचा आणि सीट मागं टाकून झोपायचा. "तुम्ही मोजा, मला उठवू नका," एवढाच त्याचा निसर्गाशी करार.

अण्णांचं पक्षीशास्त्र कापडातून आलेलं. चक्रवाक दिसला की, "केशरी सुटिंग हाय, भारीतलं." लाल मुनिया म्हणजे लालवर पांढरी बुट्टी. आणि झुडपात चिवचिवणारे ते एकसारखे मातकट वटवटे, ज्यांना ओळखता ओळखता भलेभले रडकुंडीला येतात, त्यांना अण्णा सरळ म्हणायचे, "ते अस्तर. सोडून द्या." मॅडम यादी मोबाइलमध्ये भरायच्या. अण्णा त्या मोबाइलकडं सहानुभूतीनं बघायचे. "याला बराबर कोण म्हणतं, मॅडम?"

हिवाळ्यात आम्ही दूर शहागडपर्यंत जायचो, गोदावरीच्या काठी. वरून हायवे, पुलावरून ट्रक चाललेले, खाली धुकं आणि त्यात शेकाटे पाय मोजत फिरून राहिलेले. अशाच एका सकाळी मॅडम आणि मी चक्रवाकांच्या मागं वरच्या अंगाला गेलो होतो. अण्णा रस्त्यावर चहा सांगायला गेलेले. काकूंचा गुडघा धरला होता, म्हणून त्या एकट्याच काठच्या दगडावर बसून राहिल्या.

आम्ही परत आलो तर काकू उभ्या. गुडघा विसरलेल्या. म्हणाल्या, वरून काळा, खालून पांढरा, चोच केशरी, आणि खालची चोच वरच्यापेक्षा लांब. ती पाण्यात घातली आणि गेला सरळ. हातानं दाखवलंच त्यांनी. कापड ताणून धरलं की मुरलेला दुकानदार कात्री उघडमीट करत नाही, नुसती ढकलत नेतो आणि कापड दुभंगत जातं. तसा. पाण्यावर एक रेघ उठली आणि मिटली.

मॅडमनी पुस्तक काढलं. काकूंनी चित्रावर बोट ठेवलं. पाणचिरा! आमच्याकडं तो दिसणं म्हणजे केवढी गोष्ट! इतक्यात अण्णा चहा घेऊन आले, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "एकटीनं बघितला ना?"

"मंग?"

"मंग कच्चा."

काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं की मी चहाच्या ग्लासात डोकं घातलं. "माझे डोळे काय भाड्यानं आणलेत?"

"डोळ्याचं न्हाई म्हणत मी. माल एकटीनं उतरवला."

पाणचिऱ्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहिलं गेलं, खुणेची जागा मोकळी राहिली. परतताना अंबडच्या चौकात जीप थांबली, तेव्हा काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमच्याच तोंडून बराबर म्हणवून घेते का न्हाई बघा. न्हाई म्हणवलं तर नावाची न्हाई." अण्णा हसले. आम्ही सगळेच हसलो. पुढचे कित्येक आठवडे दुकानात तोच तमाशा. गिऱ्हाईक मीटरभर कापड मागायचं, अण्णा कात्री चालवायचे, आणि काकू गल्ल्यावरून म्हणायच्या, "अस्साच गेला. पण आपण कच्चे पडलो बाई."

त्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दुपारी, दुकानात, एका बाईला ब्लाउजपीस दाखवता दाखवता.

आम्हाला वाटलं आता अण्णा यायचे नाहीत. पण पहिल्या थंडीत तेच दारात उभे. म्हणाले, "शहागडला जाऊ. फक्त शहागडला." घाणेवाडी नको, दुसरं काही नको. जीपमध्ये ते बसले आणि डावीकडची जागा सोडून बसले. वाटेत एक ओळखीचा माणूस हात करत होता, जालन्याहून अंबडला जायचं होतं त्याला. संतोष हा एका सीटवर तीन माणसं बसवू शकणारा कलावंत. पण त्यानं आरशात मागं बघितलं आणि गाडी थांबवली नाही. "फुल्ल हाय," एवढंच म्हणाला.

काठावर अण्णा पूर्वीसारखेच पुकारायचे. "धोबी! बराबर?" आणि मान डावीकडं, थोडी खाली. तिथं कोणी नसायचं. एक क्षण जायचा. तो क्षण आम्हाला जड जायचा, म्हणून मॅडम किंवा मी घाईनं म्हणायचो, "बराबर, अण्णा, बराबर." ते मान हलवायचे, खूण करायचे. पण आमच्याकडं वळून बघायचे नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो. मी गोष्टी रंगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, ती इथं जरा बाजूला ठेवा. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की पूल निम्मा गायब. पुलावर ट्रक जायचा तर दिसायचा नाही, नुसता आवाज डोक्यावरून जायचा. अण्णांनी पुकारलं, "नदीसुरय! बराबर?" आणि उत्तर आलं, "बराबर." अण्णांनी खूण केली. परतताना मी मॅडमना म्हटलं, आज तुम्ही लवकर म्हणालात. त्या म्हणाल्या, मी? मला वाटलं तुम्ही. मी नव्हतो. त्या नव्हत्या. संतोष जीपमध्ये घोरत होता. अण्णांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. ते मागं बसून पुठ्ठ्यावर हात फिरवत होते, ताज्या कापडाचा पोत बघावा तसा.

आणि मग तो दिवस आला.

ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. मॅडमना तो आधी दिसला, वरच्या अंगानं येताना. वरून काळा, खालून पांढरा, केशरी चोच पाण्यात. रेघ उठत होती, मागं मिटत होती. काकूंनी हातानं दाखवलं होतं, हुबेहूब तसं. मॅडम ओरडल्या, "पाणचिरा!"

मी डोळे फाडून बघत होतो. पक्षी आमच्यासमोरून, अगदी हाताच्या अंतरावरून म्हणावं असा गेला आणि पुलाखालच्या सावलीत शिरला. पलीकडं बाहेर पडला तो दिसलाच नाही. मी अण्णांकडं वळलो. माझे डोळे भरून आले होते, मला त्यांना मिठी मारायची होती. जन्मभर पुकारणाऱ्या माणसाला आज फक्त एक शब्द म्हणायचा होता.

अण्णांचं तोंड डावीकडं होतं. मान थोडी खाली.

"अण्णा, बघितला ना?" मी विचारलं.

त्यांनी सावकाश पाण्याकडं बघितलं. पाणी सपाट होतं. मग ते म्हणाले, "मी तर तिच्याकडं बघून राह्यल्तो."

नाव कानावर पडलं आणि सवयीनं मान वळली. आयुष्यभराची सवय, पक्ष्याआधी ती. तेवढ्या वेळात पक्षी गेला.

मॅडम म्हणाल्या, आपण दोघांनी पाहिलाय, मी यादीत टाकते. "टाका," अण्णा म्हणाले. "तुमचा पक्का हाय. तिचा न्हाई. तिला मीच म्हणायला पाहिजे ना."

मी नाटकी माणूस. म्हटलं, अहो अण्णा, कडेनं सावली तरी दिसली असेल की, तेवढ्यावर म्हणा. काकू काय कोर्टात जाणार आहेत? ते हसले, पण अगदी थोडं. "सावलीचं कापड कोण घेतं, सर?"

त्यानंतर त्या हिवाळ्यात जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा ते पुलाकडं तोंड करून उभे राहिले. आता मान वळवायची नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. पुकारायचे, आणि मान ताठ ठेवायचे. पण खांदा वळायचा. थोडासाच. पाणचिरा पुन्हा आला नाही. पावसाळ्यात अण्णाही गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कसलंही थान नाही, कोणी काही पुकारत नाही.

यंदा थंडी पडल्यावर मॅडम आणि मी शहागडला जाऊन आलो. कशासाठी, हे एकमेकांना सांगितलं नाही. संतोषनं पैशाचं विचारलं नाही. जीपची मागची सीट रिकामीच ठेवली होती, आणि आम्ही दोघं पुढं, त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो.

काठावर धुकं होतं. मी पाण्याच्या अगदी कडेला उभा होतो. मॅडम माझ्या उजवीकडं. डावीकडं मागं काकूंचा तो दगड. आम्ही पुकारत नव्हतो, नुसते उभे होतो. आणि तो आला. वरच्या अंगानं, पाणी कापत, त्याच वाटेनं पुलाकडं. मॅडमच्या तोंडून नाव फुटलं. मी मान वळवली नाही. शपथेवर सांगतो, नजर पक्ष्यावरच ठेवली होती, अण्णांसाठी.

आणि मागून संतोषचा आवाज आला. तो कधी जीपमधून उतरला, का उतरला, देव जाणे. इतक्या वर्षांत तो जीप सोडून पाण्यापर्यंत आला नव्हता. मी वळून बघितलं तर त्याचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. तो माझ्या मागं, डावीकडं, दगडाजवळच्या मोकळ्या जागेकडं बघत होता आणि मला हातानं बाजूला सारत होता, लग्नात पुढं उभ्या राहणाऱ्याला सारतात तसं. नंतर विचारलं तर म्हणतो, मी काहीच बोललो नाही, मी झोपेत होतो. पण मॅडमनी ऐकलं आणि मीही ऐकलं. दोघांनी ऐकलं म्हणजे अण्णांच्या नेमानं ते पक्कं. संतोष म्हणाला होता:

"सरका की सर जरा, त्या दोघांना दिसून न्हाई राह्यलं."